उजव्या डोळ्याचा पक्षी

“तपकिरी म्हणजे कुठली?” असं काकूनं विचारलं की गिऱ्हाइकाची बोबडी वळते. बिचारा तपकिरी कोट घेऊन आलेला असतो, सिगारेटीनं पडलेलं भोक दाखवत असतो, आणि आजवर त्याची अशी समजूत असते की तपकिरी म्हणजे तपकिरी. काकू त्याच्याकडे दयेनं बघते. तिच्याकडे तपकिरी रिळंच एकशे चाळीस आहेत. एकालाही ती कारखान्याच्या नावानं ओळखत नाही. जुन्या कुलपाची, ओल्या पुठ्ठ्याची, उंदराच्या पाठीची, दूध जास्त पडलेल्या चहाची, अशी तिची नावं. “तुमचा कोट म्हणजे ओला पुठ्ठा,” ती सांगून टाकते. हा मान झाला की अपमान, ते गिऱ्हाइकाला कळत नाही. पण चार दिवसांनी कोट न्यायला आल्यावर भोक नेमकं कुठं होतं, तेही त्याला कळत नाही.

काकू रफू करते. माझ्या धाकट्या काकाची बायको. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, आठ बाय दहा, दार उत्तरेला. उत्तरेचा उजेड खोटं बोलत नाही, म्हणून लग्न होऊन आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात तिनं ती खोली पाहुण्यांकडून काढून घेतली आणि पाहुण्यांना स्वयंपाकघरात हलवलं. “आमच्याकडं येणाऱ्याला आधी खरकटी भांडी दिसतात, मग माणसं,” असं काका तेव्हापासून म्हणत आलाय. काका बस चालवायचा. आता निवृत्त आहे, म्हणजे घरात बसून सगळ्यांना गिअर बदलायला सांगतो.

चौतीस वर्षं तिनं एकच नियम पाळला. “दिसलं तर ते रफू नव्हे. ते ठिगळ.”

पक्ष्यांचं वेड तिला चष्मेवाल्यानं लावलं. जवळचं काम करणाऱ्यानं दर तासाला थोडा वेळ लांब बघावं, असं तो म्हणाला. घरामागं कालवा, कालव्याच्या काठानं बोरूचं दाट बन. काकू मागच्या दारात उभी राहून लांब बघायला लागली, तर लांबसुद्धा तिला तपकिरीच दिसलं. बोटाएवढे पक्षी, बोरूच्या काडीला आडवे बिलगलेले, सगळे एका छापाचे. मग तिला राहवेना. एकशे चाळीस तपकिऱ्या वेगळ्या सांगणारी बाई मागच्या दारातल्या चार पक्ष्यांपुढं हात टेकणार होय?

हे वटवटे. नाव असं, कारण यांचं तोंड मिटत नाही. काका म्हणाला, “मग त्यासाठी कालव्यावर कशाला जायचं?”

“खरंच की,” काकू म्हणाली, “तुम्ही आहात ना घरात.”

तिची पक्षी बघायची रीत मी दुसऱ्या कुणाकडं पाहिली नाही. बसमध्ये कुणीतरी विसरलेली एक दुर्बीण काकाला डेपोतून मिळाली होती. तिची एक नळी फुटकी. काकूनं फुटकी नळी कापून काढली आणि उरलेली एकनळी उजव्या डोळ्याला लावायला सुरुवात केली. डाव्या मनगटावर पुठ्ठ्याची पट्टी बांधलेली, तिच्यावर तपकिरी धाग्यांचे चाळीसेक वेढे ओळीनं. उजवा डोळा नळीतून पक्ष्यावर, डावा उघडा डोळा खाली धाग्यांवर. पाठीचा रंग जुळला की तो धागा, पोटाचा जुळला की तो. घरी आली की पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर ते धागे गुंडाळायचे: वर पाठ, मग पोट, मग भुवई, खाली पाय. असे तिच्याकडं त्रेसष्ट पक्षी होते, आणि एकाचंही चित्र नव्हतं.

कालव्यावर दर रविवारी सकाळी सातआठ जणांचं मंडळ जमतं. काकू त्यात अकरा वर्षांमागं गेली. मंडळाचे म्होरके मास्तर, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्याकडं एक वही आणि तिचा एक कायदा. कुणालाही नवा पक्षी दिसला की तो आधी पेन्सिलीनं लिहायचा. आणखी दोघांनी तो स्वतः पाहिला किंवा ऐकला, की मास्तर त्यावरून शाई फिरवणार. वर्षाअखेर फक्त शाईची नावं वाचनालयाच्या फळ्यावर लागतात.

अकरा वर्षांत काकूची बारा नावं पेन्सिलीत गेली आणि पेन्सिलीतच राहिली.

“बाई, तुम्ही सुतावरून स्वर्ग गाठता,” मास्तर म्हणायचे. “रंगावर जाऊ नका. रंग उजेडाचा असतो, पक्ष्याचा नसतो. आधी आवाज, मग वागणं, मग अंगकाठी. रंग सगळ्यात शेवटी.”

“तुमचा शेवटी असेल. माझा पहिला आहे.”

मास्तरांचं म्हणणं काही हवेतलं नव्हतं. बोरूतला वटवट्या आणि दलदलीतला वटवट्या असे दोन भाऊ आहेत. पुस्तकात एकाची पाठ जरा उबदार तपकिरी, दुसऱ्याची जरा थंड, राखेकडं झुकणारी. दुसऱ्याचे पाय किंचित फिके. पण शेजारी बसवले तर त्यांच्या आयासुद्धा चुकतील. खरा फरक गळ्यात. बोरूतला शिलाईच्या मशीनसारखा गातो, तीच टीप दोनदा, तीनदा, मग पुढची. दलदलीतला नकल्या. स्वतःचं थोडं आणि उरलेलं सगळं दुसऱ्या पक्ष्यांचं. आमच्या कालव्यावर एकोणीस वर्षं फक्त मशीनवाल्याचीच नोंद होती.

आता डोळ्यांचं सांगतो. गेल्या वर्षी काकूला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाले. डॉक्टरीणबाईंनी आधी उजवा केला. डावा चार महिन्यांनी करू म्हणाल्या. पट्टी निघाल्यावर काकू घरी आली आणि स्वयंपाकघराच्या दारात थबकली.

“अहो, ही भिंत पांढरी आहे!”

“मी दोनदा रंगवली,” काका म्हणाला. “तू दोन्ही वेळा म्हणालीस, पिवळट का लावलाय?”

पुढचे दोन आठवडे ती घरभर नुसती बघत फिरत होती. कप बघ, उशी बघ, काकाचे केस बघ. “डोळ्यावरचा चहा पुसल्यागत वाटतंय,” म्हणायची. महिनाभर डोळ्यावर दाब नको अशी ताकीद होती, तेवढे दिवस एकनळी डाव्या डोळ्याला लावली. महिना सरला आणि ती पुन्हा उजव्यावर आली. नव्या डोळ्याला मधूनच पाणी यायचं. मग थोडा वेळ डावा, थोडा वेळ उजवा.

आणि त्याच दिवसांत काकूला बोरूच्या बनात दोन प्रकारचे वटवटे दिसायला लागले.

तिनं पहिल्यांदा स्वतःवरच विश्वास ठेवला नाही. तीन रविवार गप्प राहिली. चौथ्या रविवारी मास्तरांपुढं दोन पुठ्ठे ठेवले. एकावर जुनं कुलूप, दुसऱ्यावर ओली राख. मास्तरांनी चष्मा वर केला, खाली केला. पुस्तकातल्या थंड आणि उबदार पाठी तंतोतंत समोर होत्या. नाव पेन्सिलीत गेलं. पुढच्या रविवारी मंडळातल्या नर्सबाईंनी काठावरून हात हलवला, “दिसला! राखी आहे, अगदी राखी!” त्याच्या पुढच्या रविवारी खुद्द मास्तरांना दिसला. “पायही फिके,” ते म्हणाले, आणि खिशातून शाईचं पेन काढलं.

त्या दिवशी काकूनं काकाला दोनदा चहा विचारला. काका घाबरला. “डॉक्टरनं काही सांगितलंय का माझ्याबद्दल?”

मास्तरांनी आजूबाजूच्या तीन गावांतल्या मंडळांना पत्रं टाकली. एकोणीस वर्षांनी नवा वटवट्या, पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी बघायला या. पत्रात लिहिलं होतं, ‘शोध आमच्या रफूवाल्या बाईंचा.’ एक पत्र त्यांनी काकूलाही दिलं, ते तिनं किती वेळा वाचलं ते ती सांगत नाही. घडीवर फाटायला आलं होतं, एवढंच मी पाहिलं.

मी स्वेटरचं कोपर घेऊन दुकानात बसलो होतो, त्या दुपारी वकीलीणबाई आल्या. काकूनं नुकताच रफू करून दिलेला वकीलसाहेबांचा कोट त्यांनी टेबलावर ठेवला. बाही नुसती उलगडली.

उंदराच्या पाठीच्या रंगाच्या कापडावर नखाएवढा एक निळसर ठिपका.

“माशी बसल्यासारखं दिसतंय हो,” त्या अगदी हळू म्हणाल्या. “साहेबांनी दोनदा झटकली.”

चौतीस वर्षांत दुकानातून गेलेली वस्तू परत आली नव्हती. काकूच्या तोंडात मारल्यासारखं झालं. “ठेवून जा,” म्हणाली. वकीलीणबाई गेल्यावर तिनं घड्याळजी लावतात तसलं तिचं भिंग उजव्या डोळ्याला अडकवलं, कापडावर वाकली, आणि डाव्या डोळ्यानं रिळं बघू लागली. मी बघत होतो. हात आपोआप त्याच चुकीच्या रिळाकडं गेला. ती थांबली. भिंग काढलं. उजवा डोळा मिटला, डावा उघडला. डावा मिटला, उजवा उघडला. असं चारपाच वेळा.

“काकू, काय झालं?”

“उजवा कापड निळं दाखवतोय. डाव्याला सगळं चहात बुडवलेलं दिसतंय.” ती सावकाश बोलत होती, जणू दुसऱ्याच कुणाच्या डोळ्यांबद्दल. “आधी दोन्ही डोळे सारखेच खोटारडे होते. म्हणून जमत होतं. आता एक खरा झालाय आणि एक तसाच राहिलाय, आणि मी एकानं कापड बघतेय, दुसऱ्यानं धागा.”

मग तिची नजर भिंतीवर टांगलेल्या एकनळीवर गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती एकटीच कालव्यावर गेली. बोरूच्या काडीवर एक वटवट्या टीप मारत बसला होता. उजव्या डोळ्यानं पाहिला: ओली राख. नळी डाव्याला लावली: जुनं कुलूप. पक्षी जागचा हलला नव्हता. काकू म्हणते, “मी दहा वेळा बघितलं. दहाही वेळा तो एक होता आणि माझ्या दोन जाती होत्या.”

आणखी दोन दिवसांवर रविवार होता, तिन्ही गावची माणसं येण्याआधीचा शेवटचा. शनिवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात काकानं आपलं मत दिलं.

“मास्तरांना दिसला ना? नर्सबाईंना दिसला ना? त्यांचे डोळे कुणी कापलेत? मग तू कशाला तोंड उघडतेस? झाकली मूठ ठेव की.”

“त्यांना दिसला कारण मी सांगितलं.”

“अकरा वर्षांनी शाई मिळालीय तुला. हातानं पुसणार?”

काकू परातीतली भाजी निवडत होती. “तेच तर जड जातंय,” म्हणाली. “पुन्हा मिळायची नाही, ते मला माहितीय. पण अहो, ते ठिगळ आहे. फळ्यावर लागेल आणि वाचनालयात शिरले की मला ते दिसेल. दुसऱ्या कुणाला नाही दिसलं तरी मला दिसेल.”

काकानं हात जोडले. “तुझ्यापुढं बसचं इंजिनही शहाणं.”

रविवारी काकूनं सगळ्यांसमोर सांगितलं. पुठ्ठे, भिंग, वकिलाचा कोट, एक डोळा, दुसरा डोळा, काही ठेवलं नाही. “नाव खोडा,” म्हणाली.

मास्तरांचा चेहरा वर्गात स्वतःचाच नकाशा चुकल्यासारखा झाला होता.

“पण मी पाहिला बाई. फिके पाय होते.”

“मास्तर, ऊन कुठनं होतं?”

“समोरून.” त्यांनी वळून कालव्याकडं बघितलं. “पाण्यावरून.”

“आणि गात होता का?”

“गात होता.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “मशीनसारखा.”

“मग?”

“तुम्ही पुठ्ठा इतका नेमका केला होता,” मास्तर म्हणाले, “की मला ऐकायचं सुचलंच नाही. आधी आवाज, आधी आवाज म्हणून मीच वर्षानुवर्षं बोंबलतोय.”

नर्सबाई फिसकन हसल्या. “मला तर तो एवढा राखी दिसला की मी घरी जाऊन सांगितलं!”

मास्तरांनी पट्टी काढली आणि शाईवर सरळ रेघ मारली. समासात लिहिलं, ‘चूक.’ काकू म्हणाली, “माझं नाव घाला पुढं.” मास्तरांनी वही हातानं झाकून लिहिलं आणि मग दाखवलं. ‘चूक: तिघांची.’ काकूनं पदरानं नव्या डोळ्याचं पाणी पुसलं. डोळ्याला अजून पाणी येतं, असं तिचं म्हणणं.

इतक्यात काका आला. तो दर रविवारी येतो, पण पक्षी बघत नाही. लांब टोकाला पंपाची पडकी भिंत आहे, तिच्यापुढच्या बाकावर चहाचा थर्मास घेऊन पाठ करून बसतो. आज उशीर झाला म्हणून उठून आला होता.

“काय, कोण गेलं? तोंडं अशी का सगळ्यांची?”

“तुमच्या बायकोचा पक्षी गेला,” नर्सबाई म्हणाल्या. “नकल्या आपल्याकडं नाहीच.”

“नकल्या म्हणजे?”

“जो दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो तो.”

“तो होय! तो माझ्या बाकामागं असतो की,” काका म्हणाला. “डँबिस आहे. चिमणी काय काढतो, पाकोळी काय, साळुंकी काय. मला आधी वाटलं दहाबारा पक्षी भांडतायत. मग ध्यानात आलं, मध्ये कुणी श्वासच घेत नाहीय. एकच तोंड आहे.”

नर्सबाईंनी मान वळवून बाकाकडं बघितलं.

“अहो, मग बोलला का नाहीत?” काकू.

“मला कुणी विचारलं? मी चहावाला. शिवाय तूच सांगितलंस, माझ्या पक्ष्यांत नाक खुपसू नका म्हणून.”

वरात निघाली बाकाकडं. भिंतीपलीकडं ओल्या खड्ड्यात खाजकुयरीसारखं काहीतरी माजलं होतं, बोरूची एक काडी नाही, म्हणून तिकडं कधीच कुणी फिरकलं नव्हतं. मास्तरांनी सगळ्यांना भिंतीकडं पाठ करून उभं केलं. पाच मिनिटं काही नाही. काकाच्या कपाळाला घाम आला. आणि मग सुरू झालं: चिमणी, लगेच पाकोळीची किंकाळी, लगेच साळुंकी, मध्येच स्वतःची एक खरखर, पुन्हा चिमणी. टीप नाही, ठेका नाही. कापडांच्या दुकानात प्रत्येक थानाचा एकेक हात फाडून दाखवावा, तसं.

“बसचा ब्रेकही काढतो,” काका कुजबुजला.

“तो तुम्ही घालताय त्यात,” काकू म्हणाली.

मास्तरांनी वही उघडली. पेन्सिलीनं लिहिलं, ‘बसवाले काका, बाकामागं, आवाजावरून.’ मग त्यांनी शाईचं पेन उघडलं. “मी ऐकला, नर्सबाईंनी ऐकला. दोघं झालो.”

“थांबा,” काकू म्हणाली. “मागल्या खेपेसही आपणच तिघं होतो. येणाऱ्यांना ऐकू द्या आधी. आणि मी माझा दुसरा डोळा झाल्याशिवाय साक्ष देणार नाही.”

“अगं, नाव माझं आहे!” काका कळवळला.

“म्हणूनच. मला बारा वेळा थांबवलंय, तुम्हाला एकदा थांबायला काय धाड भरलीय?”

मास्तरांनी तिन्ही गावांना दुसरं पत्र टाकलं. त्यात ‘बाईंची जागा चुकली, काकांची ऐकून जा, आमच्या भरवशावर राहू नका, कान घेऊन या’ असं काहीतरी होतं. माणसं आली, पाठ करून उभी राहिली, ऐकून गेली. तरी काकूनं शाई अडवून धरली ती धरलीच.

दरम्यान वकीलसाहेबांचा कोट तिनं उसवून पुन्हा केला. भिंगाच्या डोळ्यानं कापड आणि त्याच डोळ्यानं धागा, डाव्यावर रुमाल बांधून. वकीलीणबाईंना आता माशी सापडत नाही.

डावा डोळा झाला आणि महिना उलटला, तेव्हा काकू मनगटावर पट्टी बांधून बाकाकडं गेली. नकल्यानं तिला दोन तास नुसतं ऐकवलं. मग एकदा वर आला आणि फांदीवर पुरता बसला. तिनं त्याला उजव्यानं पाहिलं, डाव्यानं पाहिलं, धागे जुळवले आणि घरी येऊन पुठ्ठा गुंडाळला. मग बोरूतल्याचा पुठ्ठाही नव्यानं केला आणि दोन्ही उत्तरेच्या दारात शेजारी शेजारी ठेवले.

मी विचारलं, “मग? कुठला कुठला?”

काकूनं पुठ्ठे उलटसुलट केले. मग पाठीमागं नावं लिहिलीत का ते पाहिलं. लिहिली नव्हती.

“एकाच रिळाचे आहेत मेले,” ती म्हणाली, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. दोन्ही डोळ्यांत. त्या रविवारी मास्तरांना तिनं सांगितलं, “द्या शाई. पण माझी साक्ष कानाची म्हणून लिहा.”

काकाचं नाव फळ्यावर लागलं. तेव्हापासून तो मंडळातला जाणता झाला आहे. थर्मास दुसऱ्यानं धरावा अशी त्याची अपेक्षा असते, आणि तो येईल त्याला नकल्याची सगळी कुंडली सांगतो. परवा मी गेलो तेव्हा दोघं बाकावर भिंतीकडं पाठ करून बसली होती. एकनळी काकूच्या मांडीवर. काका बोलत होता, “आता बघ, आधी चिमणी काढेल, मग पाकोळी, मग तो ब्रेक, तुला पटत नाही पण ब्रेक असतो…” मध्येच त्याचं बायकोकडं लक्ष गेलं.

“अगं, डोळे का मिटलेस? दोन्ही नवे करून घेतलेस ना?”

“गप्प बसा हो जरा,” काकू म्हणाली. “ऐकू द्या.”

आणि काका खरंच गप्प बसला.